पतीचा आकडा एकाएकी का घसरतो?



पतीचा म्हणजे नवऱ्याचा नव्हे बरं का, आपल्या पतीचा, बाजारातल्या नावाचा आकडा. आपण सगळ्या त्याला 'सिबिल' म्हणतो. पोहरादेवीच्या तांड्यांवर गटाची बैठक भरली की हल्ली एक तरी ताई विचारतेच, "हप्ता तर भरला, मग सिबिल कमी कसं झालं?"

सिबिल ही 2000 साली सुरू झालेली कंपनी. आता अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि मायक्रोफायनान्सवाले आपल्या कर्जाची माहिती त्यांना पाठवतात, त्यावरून 300 ते 900 मधला आकडा निघतो. बँकेचे साहेब तो ठरवत नाहीत, म्हणून त्यांच्याशी भांडून तो वाढतही नाही. चौघींचं गणित वेगळं, त्यामुळे आकडेही थोडे वेगळे दिसतात. तेवढ्यानं घाबरू नका.

आता घसरण का होते? पहिलं कारण उशीर. आपला पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर येतो, हप्ता मात्र दर महिन्याला. दुसरं कारण, लागोपाठ चार ठिकाणी कर्जाचे अर्ज. दर वेळी ती संस्था आपला अहवाल उघडते आणि त्याची नोंद राहते. (आपला आकडा आपणच पाहिला तर काही कमी होत नाही.) दिराच्या गाडीला जामीन राहिलात आणि त्यानं हप्ते थकवले, तर डाग तुमच्याही नावावर येतो. आणि "थोडे कमी भरा, मिटवून टाकू" असं कुणी म्हणालं तर जपून. ती तडजोड अहवालात तडजोड म्हणूनच दिसते, पूर्ण फेड म्हणून नाही.

गटाच्या कर्जाचंही ऐका. सभासदांची वेगवेगळी माहिती कळवा, असं रिझर्व्ह बँकेनं 2016 मध्ये बँकांना सांगितलं. म्हणून कुणाच्या नावे किती उचल, किती परतफेड, हे सचिव ताईंनी रजिस्टरात नीट लिहायलाच हवं.

कधी चूक आपली नसतेच. आपल्याकडे राठोड, चव्हाण, पवार, जाधव किती घरं! एकीचं कर्ज दुसरीच्या नावावर चढू शकतं. कर्ज फेडूनही खातं चालू दिसू शकतं. भरणा आणि नोंद यांत अंतर असतं, म्हणून थोडे दिवस थांबा. 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती दर पंधरवड्याला कळवायचा नियम लागू झाला होता.

त्यानंतरही चूक दिसली तर प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागा. कुणाला त्यासाठी पैसे देऊ नका. आकड्यापेक्षा आतली खाती वाचा: हे कर्ज माझंच का, शिल्लक किती, कुठला हप्ता उशिरा दाखवला? चुकीची तक्रार त्या कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी करा, पावत्यांची प्रत जोडा, पोच घ्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्याची माहिती 14448 या नंबरवर मिळते. फोन करताना तक्रारीची पोच हाताशी ठेवा.