बगळा आणि मुंगूस (लेखांक 14) : दार सध्या काय करतंय?

या आठवड्यात एल्फिन्स्टनच्या पुलावरचा लेख येणार होता. तो पुढे ढकलतोय. डोंबिवलीच्या एका वाचकभगिनीचं पत्र आलंय आणि चार दिवस झाले, ते माझ्या टेबलावरून हलायला तयार नाही. त्या रोज आठ-सतराची लोकल पकडतात. त्यांचं म्हणणं असं, की मेट्रोला दारं आहेत, एसी लोकलला दारं आहेत, मग साध्या लोकलला दारं लावायला कुणाचं काय जातं? मुंब्र्याला माणसं पडल्यावरच जाग का यावी? आणि शेवटी खोचक वाक्य : तुम्ही मानक नगरात इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला तर ठाऊक असेल.

मानक नगर म्हणजे लखनौच्या चारबाग स्टेशनातून कानपूरकडे निघालं की पहिलं स्टेशन. मेल-एक्सप्रेसवाल्यांना ते खिडकीतून दिसलं तरी दिसत नाही. पण रूळ, डबा, चाक, ब्रेक, सिग्नल हे सगळं कसं असावं याची मापं जिथे ठरतात ती आरडीएसओ इथलीच. 1930 चं मानक कार्यालय आणि 1952 चं चाचणी-संशोधन केंद्र ही दोन्ही 1957 मध्ये एकत्र करून ती उभी राहिली. वस्तीचं नावही मानकांवरूनच. (भातखंड्यांनी 1926 मध्ये संगीत विद्यालय काढलं तेही लखनौतच. रागांना दहा थाटांत बसवणारा माणूस आणि चाकांना मापात बसवणारी कचेरी एकाच शहरात यावी, याची मला उगाचच मौज वाटत आली आहे.)

तिथे आमच्या शेजारी चाचणी विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. लखनौची जानेवारीतली थंडी ज्यानं सोसली त्यालाच कळेल. पहिल्याच हिवाळ्यात मी स्वयंपाकघराच्या रोशनदानात पुठ्ठा ठोकायला स्टुलावर चढलो होतो. ते दारातून म्हणाले, ‘‘पहले यह बताइए, यह छेद अभी कर क्या रहा है?’’ खाली कोळशाची अंगीठी पेटलेली होती. मी पुठ्ठा घेऊन खाली उतरलो. बगळ्यानं सापावर सोडलेलं मुंगूस शेवटी बगळ्याचीच पिल्लं खातं, ही गोष्ट मी या लेखमालेच्या कपाळावर लावली. पण मुंगूस ओळखायचं कसं ते मला त्या स्टुलावर कळलं. जे बंद करायला निघालात ते सध्या काय काम करतंय, एवढंच आधी विचारायचं.

तर, लोकलचं उघडं दार सध्या काय करतंय?

9 जून 2025 ची सकाळ आधी नीट पाहू. मुंब्र्याच्या वळणावर मुंबईकडे येणारी आणि मुंबईहून निघालेली अशा दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली. ती एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. किमान चार जण गेले. वळणावर लांब डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो, टोकं बाहेर जातात, शिवाय रुळांना दिलेल्या उतारानं डबा कलतो. हे सगळं मापाच्या पुस्तकात धरलेलं असतं आणि वळणावर दोन रुळांमधलं अंतर त्या हिशेबानं वाढवतात. त्यात मुंबईची लोकल 3660 मिलिमीटर रुंद, लांब पल्ल्याच्या डब्यापेक्षा सुमारे 40 सेंटिमीटर जास्त. पुस्तकात डबा आहे, त्याचं डोलणं आहे. डब्याबाहेर लोंबकळणारा माणूस आणि त्याच्या पाठीवरची सॅक मात्र कुठल्याच कोष्टकात नाही.

म्हणजे दाराचं एक काम झालं : आत न मावणाऱ्यांना ते जागा देतं. मुंबईच्या गर्दीसाठी रेल्वेच्या भाषेत एक खास शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये उभी 14 ते 16 माणसं. घरी जमिनीवर खडूनं मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन आखा आणि सोळा जण उभे करून बघा; आमच्याकडे गणपतीत हा प्रयोग झाला, अकराव्या माणसाला भाऊजींनी नम्रपणे नकार दिला.

दुसरं काम हवेचं. 2007 पासून मुंबईत आलेल्या नव्या लोकल आठवतात? त्यांच्या छतावर बाहेरची हवा आत ढकलणारी यंत्रं बसवली होती. हे वाचून पुष्कळ जण नुसतं ‘बरं झालं’ म्हणतात. पण जरा थांबा. दारं सताड उघडी असतानाही आतल्यांना हवा पुरत नव्हती, म्हणून ती यंत्रं लागली. आता तीच दारं बंद केली तर? पश्चिम रेल्वेनं काही वर्षांपूर्वी महिलांच्या डब्यात आपोआप मिटणारी दारं लावून पाहिली होती, तेव्हाही गाडं गुदमरण्याशीच अडलं. माझं रोशनदान आणि हे दार, दोन्ही एकाच जातीची.

मुंब्र्याच्या त्याच दिवशी रेल्वेनं जाहीर केलं, की नव्या बिगर-एसी लोकलही बंद दारांच्या असतील. दारांना हवेसाठी झडपा, छतावर हवा ढकलणारी यंत्रं, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता यावं असा जोडमार्ग, म्हणजे एका डब्यात कोंबलेली गर्दी पुढे-मागे पसरेल. घाईच्या घोषणांवर माझा एरवी विश्वास नसतो. पण दार हवेचं आणि जागेचं काम करतं, हे तरी या आराखड्यात कुणीतरी मान्य केलेलं दिसतं. हवेचं उत्तर आहे, जागेचं अर्धंमुर्धं आहे. राहिलं तिसरं काम, आणि त्याचं उत्तर मला त्यात सापडत नाही.

ते काम सेकंदांचं. उघड्या दाराची गाडी कुणासाठी थांबत नाही. गार्डाची घंटी होते, गाडी हलते, शेवटचे चार जण पळता पळता दांडी पकडतात. मिटणारं दार मात्र शेवटच्या माणसाची कोपरं आत जाईपर्यंत मिटत नाही, आणि ते मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. कल्याण ते सीएसएमटी धीम्या लोकलला मध्ये 24 स्टेशनं लागतात. समजा, दर ठिकाणी फक्त 10 सेकंद जास्त गेले. 240 सेकंद, म्हणजे चार मिनिटं. गर्दीच्या वेळी मागची गाडी जवळपास तेवढ्याच अंतरावर असते. सगळ्याच गाड्या अशा रेंगाळल्या तर तासाभरात एक-दोन गाड्या वेळापत्रकातून गळतील. गळलेल्या गाडीची माणसं घरी परत जात नाहीत. ती पुढच्या गाडीच्या दाराशी येतात, दार आणखी उशिरा मिटतं. हे ते मुंगूस.

म्हणून बाई, दारं लावावीत असंच माझं मत आहे. फक्त दार लावण्याआधी सिग्नलची व्यवस्था, फलाटाची उंची आणि गाड्यांची संख्या यांवर खर्च व्हायला हवा. दाराचा खर्च पेपरात फोटोसह येतो, सिग्नलचा येत नाही. त्यामुळे क्रम उलटा लागण्याची भीती मला जास्त वाटते.

आता थोडं आडवळण. मुंबईच्या लोकलमार्गांवर अलीकडे वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. त्यांतली सर्वांत जास्त गाडीतून पडत नाहीत, ती रूळ ओलांडताना जातात. 2012 मध्ये अनिल काकोडकर समितीनं रेल्वे सुरक्षेचा अहवाल दिला, त्यात देशभर रूळ ओलांडताना मरणाऱ्यांचा आकडा वर्षाला सुमारे 15,000 दिला होता आणि त्याला अपघात न म्हणता हत्याकांड म्हटलं होतं. मानक नगरलाही समितीनं सोडलं नाही. संशोधनासाठी वेगळी परिषद हवी, अशी शिफारस केली. अणुशास्त्रज्ञाकडे डब्यांचा विषय दिला म्हणून तेव्हा आमच्या कॉलनीत कुरकुर झाली होती. मला मात्र बाहेरच्या माणसानं मोजलं हेच बरं वाटलं. घरच्यांना सवयीचं प्रेत दिसत नाही.

या रूळ ओलांडणाऱ्यांसाठी 2010 च्या सुमारास वडाळ्याला जो प्रयोग झाला, त्यावर मी फिदा आहे. फायनल माईल या मुंबईच्या संस्थेनं ना भिंत बांधली, ना दंड वाढवला. त्यांनी आधी विचारलं, की धडधाकट माणसाला समोरून येणारी एवढी मोठी गाडी कळत कशी नाही? हर्शल लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञानं 1985 मध्ये मांडलं होतं, की मोठी वस्तू आपल्याकडे येताना आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्याला वाटतं. मग त्यांनी रुळांखालच्या काही स्लीपर्सना पिवळा रंग दिला. पिवळे पट्टे भराभर गाडीखाली गडप होताना दिसले की वेगाचा अंदाज येतो. लांबलचक शिटीऐवजी दोन तुटक शिट्या ठेवल्या, कारण मधली शांतता कानाला जागं करते. आणि गाडीखाली येण्याच्या क्षणी भयानं विस्फारलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे फोटो ओलांडायच्या जागीच लावले. मृत्यू घटले. खर्च कशाचा, तर रंगाचे डबे आणि छपाई.

पण इथेही शेजाऱ्यांचा प्रश्न विचारलाच पाहिजे. रुळांवरची ती पायवाट सध्या काय करतेय? ती जिना वाचवतेय. गुडघे दुखणाऱ्या बाईचे चाळीस पायऱ्यांचे कष्ट आणि आठ-सतरा चुकण्याची धास्ती वाचवतेय. पिवळा रंग तिला सावध करील, जिना उतरवून देणार नाही. तिथे सरकता जिनाच लागेल, आणि तो चालू असावा लागेल.

डोंबिवलीच्या बाईंना आणि त्या मार्गावरच्या सगळ्यांनाच एक काम देतो. मोबाइलवर घड्याळ लावा. गाडी थांबल्यापासून हलेपर्यंत किती सेकंद गेले ते ठाणे, दिवा, डोंबिवली या तीन ठिकाणी टिपा. एकदा एसी लोकलमधून, एकदा साध्यातून, सकाळी आठ ते दहाच्या मध्ये. पावसाचा दिवस असेल तर तसं लिहा. दारात उभं राहून मोजू नका. आकडे आले की माझे दहा सेकंद खरे की खोटे ते पाहू. पूल पुढच्या आठवड्यात.