साल सुटलं, गुत्ता आला
हातावरचं पोट : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण पुण्या-मुंबईत घरोघरी खाणं पोचवणाऱ्या मुलांविषयी बोललो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं त्यांना 'गिग कामगार' म्हणून कायद्यात जागा दिली. तेव्हापासून एक समज पक्का होत चाललाय, की कायमचा मालक नसलेलं, कामागणिक पैसे मिळणारं काम ही मोबाइलच्या जमान्याची देणगी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कापसाच्या दिवसांत संध्याकाळी गेलं तर हा समज टिकत नाही. उद्या कोणाच्या वावरात जायचं, किलोमागं काय दर घ्यायचा, गाडीभाडं कोणी द्यायचं, हे सगळं बाया त्या संध्याकाळी ठरवतात. लेखी काही नसतं आणि परवाचं काम परवा बघायचं असतं. केळापूर, घाटंजी, राळेगाव, दारव्हा, कुठंही हेच.

याआधी होतं ते साल. गुढीपाडव्याला सालगडी ठरायचा तो पुढच्या पाडव्यापर्यंत. वर्षाची ठरावीक रक्कम, महिन्याला ज्वारी-गहू आणि पाडव्यालाच हातात पडणारी उचल, असा तो व्यवहार होता. बदल्यात पहाटेच्या चारापाण्यापासून रात्रीच्या जागलीपर्यंत माणूस वाड्याचा. त्याच्या बायकोनं शेणगोठा करायचा तो बहुतेक हिशेबात धरलेलाच नसायचा. उचल फिटली नाही की पुढचं सालही त्याच दारात. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी संपवली, पण अंगावरच्या पैशांपायी दार न सोडता येणं त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिलं. आजारपणात डॉक्टरचा खर्च मालक द्यायचा, पोरीच्या लग्नाला हात लावायचा, हे खरं आहे. ते त्याच्या मर्जीवर होतं, हेही तितकंच खरं.

आता पाडवा जवळ आला की वर्तमानपत्रांत बातमी येते: लाख-सव्वा लाख देऊ केले तरी सालगडी मिळेना. 'मजूर माजले' असा सूर त्याबरोबर ऐकू येतो, तो मला मान्य नाही. ज्याच्या बापानं दुसऱ्याच्या गोठ्यात आयुष्य काढलं, तो पोरगा थोडे कमी पैसे घेऊन रोजानं जाईल, पण साल धरणार नाही. आज नको वाटलं तर आज न जाण्याचा हक्क त्याला मिळालाय. पैशांत मोजता येत नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही, आणि मजुराच्या स्वातंत्र्याविषयी बोलताना सुरुवात या हक्कापासूनच करायला हवी.

सालाची जागा दोन गोष्टींनी घेतली: रोजी आणि गुत्ता. कुणी त्याला ठेका म्हणतं, कुणी हुंडा. सोयाबीनची सोंगणी एकरी दरानं घेतली जाते. दहा-बारा जणांचा गट शेत बघतो, पीक किती दाट, तण किती, पाऊस झाला तर चिखल किती होईल, याचा अंदाज घेऊन आकडा सांगतो. घासाघीस होते, ठरतं. मग सकाळी सहाला सुरुवात करायची की आठला, दुपारी किती वेळ बसायचं, हे गटाचं गट बघतो. सोबत एखादी म्हातारी घ्यायची का, तिला वाटा पूर्ण द्यायचा का, हेही तेच ठरवतात. बांधावर उभं राहून 'हात चालवा' म्हणणारं कोणी नसतं. सालगड्याला असली मोकळीक स्वप्नातही नव्हती.

कापसाच्या वेचणीत हीच गोष्ट जास्त गुंतागुंतीची होते. सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी सुरू झाली की बोंडं भरलेली असतात, हात भरभर चालतो, किलोचा दर परवडतो. दिवाळीनंतर सगळ्यांचा कापूस एकदम फुटतो, तेव्हा शेतकरी बायांच्या दारात येतो आणि दर त्या सांगतात. फरदडीच्या, म्हणजे हंगाम सरल्यावर राखलेल्या कपाशीच्या वेळी झाडावर काही उरत नाही. तेव्हा दिवसभर वाकूनही वजन भरत नाही, म्हणून बाया किलोऐवजी रोज मागतात. यात दवाचाही वाटा असतो. सकाळचा ओलसर कापूस वजनाला जड, म्हणून वेचणारीला लवकर सुरुवात करणं फायद्याचं. विकताना मात्र ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर भाव कापला जातो आणि बाराच्या वर गेला तर माल घेतच नाहीत. म्हणजे एकाच बोंडावरच्या दवात एकीची कमाई आणि दुसऱ्याचं नुकसान. दोघांपैकी कोणीही लबाड नसतं. दर किलोवर ठेवला की भांडण त्या दरातच पेरलं जातं.

इथपर्यंत स्वातंत्र्याचा हिशेब मजुराच्या बाजूनं थोडा तरी झुकतो. फवारणीत तो कोसळतो.

२०१७ च्या पावसाळ्यात, जुलैपासून पुढं, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणी करणारी माणसं येऊ लागली. उलट्या, चक्कर, दिसेनासं होणं. शेकडो जणांना विषबाधा झाली आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची वाढली होती, हवा दमट होती, किडीसाठी दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती आणि बॅटरीच्या पंपानं फवारा जोरात उडत होता. ही कारणं तेव्हा पुष्कळ लिहिली गेली. मोबदल्याच्या पद्धतीविषयी मात्र फार कमी लिहिलं गेलं.

फवारणीचे पैसे बऱ्याच ठिकाणी पंपावर मिळतात. जितके पंप मारले तितके पैसे. वारा उलटा फिरला म्हणून तासभर थांबलं तर तो तास मजुराचा बुडतो. अंगावर औषध सांडलं म्हणून विहिरीवर जाऊन धुतलं, कपडे बदलले, तर तोही वेळ त्याचाच. भर उन्हात मास्क आणि रबरी कोट घालून माणूस हळू चालतो, म्हणजे पंप कमी होतात. सावधगिरीचं प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातून जातं. चौकशीत आणि चर्चेत 'मजुरांनी संरक्षक साधनं वापरली नाहीत' असं म्हटलं गेलं, तेव्हा ही किंमत कोणाच्या ध्यानात आली नाही.

आणि त्याला मालक कोण? ज्याचं शेत, तो म्हणणार, मी काम सांगितलं, माणूस ठेवला नाही. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत ट्रॅक्टरनं किंवा यंत्रशक्तीनं चालणाऱ्या साधनांनी शेती करणाऱ्या कामगाराला जागा होती. शेतात कीटकनाशक फवारणाऱ्यालाही त्या यादीत जागा होती, पण भरपाई मागायला आधी मालक कोण हे ठरावं लागायचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना होती, पण तिला सातबारा लागायचा आणि भूमिहीनाकडं सातबारा नसतो. सरकारनं मृतांच्या कुटुंबांना दोन-दोन लाख रुपये जाहीर केले ते खास निर्णय म्हणून. सप्टेंबर २०२० मध्ये इथल्या ५१ बाधितांच्या वतीनं थेट स्वित्झर्लंडमध्ये कीटकनाशक कंपनी सिंजेंटाविरुद्ध तक्रार दाखल झाली. कंपनीनं आरोप नाकारले. जबाबदार कोण याचं उत्तर गावात, तालुक्यात, जिल्ह्यात मिळालं नाही म्हणून माणसं तिथवर गेली, एवढं तरी त्यातून कळतं.

जगभरातले संख्याशास्त्रज्ञ २०१८ च्या ऑक्टोबरात जिनिव्हात जमले, तेव्हा त्यांनी रोजगाराच्या वर्गीकरणात 'अवलंबी कंत्राटदार' असा नवा गट घातला: कागदावर स्वतंत्र, पण कामासाठी आणि दरासाठी दुसऱ्यावर विसंबलेला. पंपावर फवारणी करणारा माणूस या गटाच्या अगदी जवळ बसतो. फरक एवढाच, की इथं समोरचाही मोठा नसतो. यवतमाळात पाच एकर कोरडवाहू कपाशी लावणारा शेतकरी स्वतः कर्जात असतो आणि आपलं निंदण उरकलं की त्याच्या घरची बाई दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७५ च्या १४१ क्रमांकाच्या करारानं हे ओळखलं होतं. त्यानं ग्रामीण कामगारांत मजुराबरोबर कूळ, बटईदार आणि स्वतः राबणारा लहान शेतकरीही धरला. भारतानं तो करार १९७७ मध्ये मंजूर केला. पुढं त्याचा उपयोग करून घेण्याची तळमळ दिसली नाही.

महाराष्ट्राजवळ मात्र एक वाट आहे आणि ती इथंच निघालेली आहे. १९६९ चा माथाडी कायदा. माथाडीला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्यानं त्याला कोणाचा नोकर केलं नाही. मंडळ नेमलं, त्यात कामगार, व्यापारी आणि सरकार तिघांना बसवलं, मजुरी मंडळामार्फत द्यायला लावली आणि तिच्यावर लेव्ही बसवली. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, सुट्टीचे पैसे, उपदान, औषधपाणी. दार बदलायची मोकळीक राहिली आणि म्हातारपणाची सोयही झाली. या मंडळांत पुढं गैरप्रकार झाले, तरी मूळ कल्पना आजही खणखणीत आहे.

शेतमजुरांसाठी असं मंडळ करायचं तर शेतीत लेव्ही भरणार कोण, हा प्रश्न येणारच. पाच एकरवाल्याकडून ती मागणं क्रूर ठरेल. पण कापूस बाजार समितीत विकला जातो तेव्हा बाजार फी खरेदीदार भरतोच. त्याच ठिकाणी, पहिल्या विक्रीवर, जिनिंगवाल्याकडून आणि महामंडळाकडून मजूर कल्याणाचा छोटा हिस्सा घेता येईल. दूरच्या माणसाकडून मजुरासाठी पैसा उभा करणं महाराष्ट्राला नवं नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीसाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला, १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खरी अडचण खेडा खरेदीची आहे. व्यापारी गावातच काटा लावून माल उचलतो, तिथं ना फी ना पावती. तेव्हा आधी तो काटा नोंदीत आणावा लागेल, आणि तसं झालं तर मापात मारला जाणारा शेतकरीही या मंडळाच्या बाजूनं उभा राहील, असं मला वाटतं.

पुढच्या आठवड्यात तेंदूपत्ता. तिथं दर ठेकेदारानं ठरवायचा की ग्रामसभेनं, यावर विदर्भात गेल्या काही वर्षांत बरंच घडलं आहे, त्याविषयी.