खेकड्याचं बीळ, उघाडीचं दार आणि प्रणाली सिद्धांत

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ, डोलवी मागे टाकलं की गडब येतं. खाडीच्या बाजूला उतरलं की आधी भाताची खाचरं, मग मातीचा बांध आणि पलीकडे धरमतरची खाडी. या बांधावरून चालणारा जाणता शेतकरी मान खाली घालून चालतो, कारण त्याची नजर खेकड्यांच्या बिळांवर असते. बोटभर रुंदीचं बीळ दिसायला किरकोळ असतं. पण उधाणाच्या भरतीत पाणी त्यात शिरतं, आणि जाताना चिमूटभर माती घेऊन जातं. बीळ रुंदावतं, म्हणून पाणी जास्त शिरतं. पाणी जास्त शिरतं, म्हणून माती जास्त जाते. वेळीच चिखल ठेचून ते बुजवलं नाही, तर त्या जागी बांध फुटून खांड पडते आणि खारं पाणी खाचरांत पसरतं.

या चक्राला प्रणाली सिद्धांतात (सिस्टिम्स थिअरीत) ‘धन फीडबॅक’ म्हणतात.

वाचून अनेकजण चमकतील, कारण धन म्हणजे चांगला आणि ऋण म्हणजे वाईट ही समजूत पक्की रुजलेली आहे. ऑफिसात ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ म्हणजे कौतुक, ‘निगेटिव्ह’ म्हणजे तक्रार. शास्त्रात या शब्दांचा स्तुतीशी किंवा निंदेशी संबंध नाही. झालेला बदल आणखी वाढवतो तो धन फीडबॅक, बदलाला आवर घालतो तो ऋण. शरीराचं तापमान, रक्तातली साखर ऋण फीडबॅकमुळेच आटोक्यात राहते. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेला वेगनियंत्रक याच तत्त्वावर चालायचा, आणि १८६८ मध्ये मॅक्सवेलने अशा नियंत्रकांचं गणित मांडलं.

गडबच्या पट्ट्यात हे तत्त्व पाहायला इंजिनाचीही गरज नाही. बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचं दार, पाहावं. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दार बंद होतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. आतली पातळी जितकी चढलेली, तितका बाहेर जाण्याचा जोर मोठा. पातळी उतरली की जोरही ओसरतो. बांधाला जगवणारा हा फीडबॅक ऋण आहे, बांध फोडणारा धन.

दुसरा गैरसमज नावातूनच येतो. ‘सिस्टिम’ म्हटलं की संगणक डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे हा सिद्धांतही संगणकवाल्यांनी काढला असेल असं वाटतं. वस्तुस्थिती अशी की त्याचा प्रमुख प्रवर्तक जीवशास्त्रज्ञ होता. लुडविग फॉन बर्टालान्फी, जन्म १९०१, ऑस्ट्रियाचा. सजीव ही बंद पेटी नाही, त्यातून पदार्थ आणि ऊर्जा सतत ये-जा करतात आणि तरीही त्याची घडण टिकते, हा त्याचा मुद्दा. त्याला त्याने ‘खुली प्रणाली’ म्हटलं. ‘जनरल सिस्टिम थिअरी’ हे त्याचं पुस्तक १९६८चं, पण विचार त्याच्या कितीतरी आधीचा.

त्याच बर्टालान्फीने १९३८ मध्ये वाढीचं एक समीकरण दिलं. शरीर घडण्याचा वेग साधारणपणे पृष्ठभागाच्या प्रमाणात आणि झिजण्याचा वेग वजनाच्या प्रमाणात असतो. म्हणून सुरुवातीला झपाट्याने वाढणारा जीव पुढे हळूहळू थांबतो. आज मत्स्यशास्त्रज्ञ माशांच्या वाढीचा अंदाज बांधताना हेच समीकरण वापरतात. पेणकरांचा लाडका जिताडाही त्याला अपवाद नाही.

जिताड्याचीच गोष्ट तिसऱ्या गैरसमजासाठी उपयोगी पडते. ‘प्रणाली सिद्धांत म्हणजे सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे’ असं सर्रास सांगितलं जातं. ऐकायला गोड, पण एवढ्याने काहीच कळत नाही. सिद्धांताचे प्रश्न नेमके असतात: कोण कोणाशी जोडलेलं आहे, किती जोराने, किती उशिराने, आणि प्रणालीची सीमा कुठे आखायची? जिताडा तळ्यात छान वाढतो, पण तळ्यात त्याची वीण होत नाही. त्यासाठी त्याला समुद्राच्या बाजूचं खारं पाणी लागतं. पिल्लं खाडीतून वर येतात. तळ्यापुरतंच पाहणाऱ्याला मासा दिसेल, त्याचं बी कुठून येतं हे दिसणार नाही. सीमा चुकली की उत्तर चुकतं.

बांधाच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते. तिवरं बांधाच्या बाहेर असली की लाटांचा मारा झेलतात, बांध वाचवतात. पण खांड पडून काही वर्षं शेत खाऱ्या पाण्यात राहिलं, की तीच तिवरं आत उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन (तिवरांचं वन) तोडीला मनाई केली, जमीन खासगी असली तरी. किनाऱ्यासाठी तो निर्णय योग्यच आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूने चक्र असं फिरतं: खांड, मीठ, पड जमीन, पड जमिनीमुळे बांधावर न फिरणारा मालक, त्यामुळे नवी बिळं, नव्या खांडी आणि आत वाढणारी तिवरं. कुणी फक्त झाड पाहतं, कुणी फक्त सातबारा. चक्र पाहिलं, तर खांड पहिल्याच उधाणानंतर बुजवणं हा शेत आणि कांदळवन यांच्यातला वाद टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, हे कळतं.

म्हणजे बांध राखणारा माणूसही प्रणालीचाच भाग. जुन्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या शिलोत्री पद्धतीत बांधाच्या देखभालीची जबाबदारी ठरलेली असे. पुढे १९४८चा खारजमीन कायदा आला, १९७९चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला, आणि जबाबदारी सरकारकडे सरकत गेली. कायद्याने निधी मिळू शकतो. बिळावरची रोजची नजर मात्र गावाचीच लागते.

प्रणालीच्या या विचाराचा प्रवास एका शास्त्रापुरता राहिला नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ टान्सलीने १९३५ मध्ये ‘इकोसिस्टिम’ हा शब्द दिला. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरचं ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक १९४८ मध्ये आलं.  मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसनमुळे कौटुंबिक समुपदेशनातही फीडबॅकची भाषा शिरली. एमआयटीच्या जे फॉरेस्टरने दाखवलं, की कारखान्यातल्या कामगारसंख्येचे हेलकावे बाजारापेक्षा कारखान्याच्याच निर्णयपद्धतीतून येऊ शकतात. त्याच परंपरेतलं १९७२चं ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ जगबुडीचं भाकीत म्हणून बदनाम झालं. प्रत्यक्षात त्यात वेगवेगळी गृहीतकं धरून काढलेल्या अनेक शक्यता होत्या. भविष्य सांगणं हे या सिद्धांताचं काम नव्हे. कुठल्या वाटेने गेलं तर साधारण काय होईल, एवढं तो दाखवतो.

प्रणालीकडे पाहताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे विलंब. खांड बुजली तरी जमिनीतलं मीठ लगेच जात नाही. पावसाच्या पाण्याने ते धुऊन निघावं लागतं, आणि त्याला एकाहून जास्त पावसाळे लागू शकतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ यांसारख्या खार सोसणाऱ्या भाताच्या जाती या मधल्या काळात उपयोगी पडतात. तेव्हा पहिल्या वर्षी पीक उतरलं नाही म्हणून जमीन पड टाकू नका, आणि बांधावरची बिळं मृगाच्या आधी बुजवून घ्या.