एका आकड्याचं माहेर

माझी मावशी रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत आरसा उभा करून बसायची. हातात छोटा चिमटा. हनुवटीखालचे राठ केस ती एकेक करून उपटायची आणि जिन्यावर पाऊल वाजलं की आरसा डब्यांमागे सरकवायची. तिची पाळी कधीच वेळेवर आली नाही. ‘वजन उतरव, सगळं सुरळीत होईल,’ हे तिला इतक्या जणांनी सांगितलं की दोष आपलाच, हे तिने मान्य करून टाकलं.

पुढे तशीच हनुवटी माझ्या वाट्याला आली आणि तपासणीचा कागद हातात पडला. टोटल टेस्टोस्टेरॉन मर्यादेत होतं. डॉक्टरांनी पेनाने गोल केला तो खालच्या ओळीतल्या आकड्याभोवती: एसएचबीजी. तो कमी होता.

टेस्टोस्टेरॉनला आपण पुरुषांचं संप्रेरक म्हणतो, पण बाईच्या बीजकोषात आणि अॅड्रिनल ग्रंथींत ते रोज तयार होतं. रक्तात त्याचा मोठा हिस्सा प्रथिनांना बांधलेला असतो; अगदी मोकळं फिरतं ते एक-दोन टक्के. बांधून ठेवणारं मुख्य प्रथिन म्हणजे यकृतात बनणारं एसएचबीजी. ते कमी पडलं की एकूण आकडा तोच राहूनही मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि केसांच्या मुळांपर्यंत पोचतं.

या प्रथिनाची कृती सतराव्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे आणि ती सगळ्यांची सारखी नसते. एक फरक मला फार विलक्षण वाटतो. काहींच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत एका ठिकाणी अॅस्पार्टिक आम्लाऐवजी अॅस्पॅराजिन बसतं. अॅस्पॅराजिन आल्यामुळे तिथे साखरेची एक जादा फांदी जोडली जाऊ शकते, आणि अशी फांदी असलेलं प्रथिन रक्तात जास्त काळ टिकतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २००४ मध्ये नॉरफोक परगण्यातल्या, पाळी थांबलेल्या जवळपास दोन हजार स्त्रियांचं रक्त तपासलं, तेव्हा या जनुकातल्या फरकांनुसार एसएचबीजीची पातळी बदलताना दिसली. इस्ट्रोजेनच्या पातळीवर पंधराव्या गुणसूत्रावरच्या अॅरोमॅटेजच्या जनुकाचाही ठसा सापडला. अॅरोमॅटेज टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. पाळी थांबल्यावर हे काम मुख्यतः चरबीत चालतं. पाळी थांबलेल्या स्त्रियाच का निवडल्या? कारण पाळी चालू असताना इस्ट्रोजेन महिनाभर इतकं वरखाली होतं की त्या लाटांत जनुकाचा बारीक फरक दिसेनासा होतो.

आता मुळाचा प्रश्न. वजन वाढल्यामुळे एसएचबीजी उतरतं, की एसएचबीजी मुळातच कमी असल्यामुळे पुढचे आजार होतात? इथे जनुकं साक्षीला येतात. कुणाला कोणतं अक्षर मिळालं, हे जन्माआधीच ठरलेलं असतं. नंतरच्या खाण्यापिण्याने ते बदलत नाही. म्हणून त्या अक्षरानुसार माणसांचे गट पाडून आजारांचं प्रमाण मोजता येतं. अमेरिकेत २००९ मध्ये पाळी थांबलेल्या स्त्रियांवर हे केलं गेलं, तेव्हा एसएचबीजी कमी ठेवणाऱ्या रूपाबरोबर टाइप टू मधुमेहाचा धोका जास्त दिसला.

२०२० मध्ये याच पद्धतीने ब्रिटनच्या यूके बायोबँकेतल्या ४,२५,०९७ लोकांची माहिती तपासली गेली. टेस्टोस्टेरॉन ठरवणारी जनुकीय कारणं स्त्रियांत आणि पुरुषांत बरीच वेगळी निघाली. परिणामही उलटे. जन्मजात जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे स्त्रियांत मधुमेहाचा आणि पीसीओएस या बीजकोषांच्या विकाराचा धोका वाढतो. पुरुषांत मात्र मधुमेहाचा धोका कमी होतो. पुरुषांवरचे निष्कर्ष बायकांना लावणं किती चुकीचं आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? पण ही सगळी मंडळी युरोपीय वंशाची होती, हेही विसरून चालणार नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत भारतीय स्त्रियांच्या पीसीओएसमागची जनुकं तपासली जातात. ते काम मला म्हणूनच जवळचं वाटतं.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांवरून हा विकार मांडला. २०११ मध्ये चीनमधल्या स्त्रियांच्या जनुकांत त्याच्याशी जोडलेल्या तीन जागा सापडल्या. त्यातली एक बीजकोषाला संदेश देणाऱ्या एलएच या संप्रेरकाच्या ग्राहकाशेजारची आहे.

मावशीला मिळालेला सल्ला खोटा नव्हता. रक्तात इन्सुलिन वाढलं, यकृतात चरबी साठली, की एसएचबीजी उतरतं. वजन घटलं की ते चढतं. पण दोन बहिणींनी सारखंच जेवून, सारखंच चालूनही एकीचा आकडा खालून सुरू होतो, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

डॉक्टरांनी मला आईबद्दल विचारलं, आजीबद्दल, मावशीबद्दल. वडिलांच्या घरच्यांबद्दल नाही. खरं तर सतरावं गुणसूत्र एक आईकडून येतं तसं एक वडिलांकडूनही येतं, आणि बापाच्या अंगावर काहीही न दिसता ते लेकीपर्यंत पोचतं. त्या संध्याकाळी मी आत्याला फोन केला आणि सरळ विचारलं.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “थांब गं, दार लावून घेते.”