'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?'

रत्नागिरीत कौलं मे महिन्यात परतून घेतात. पाणी गळायला लागल्यावर शिडी शोधणाऱ्याला गाव हसतं. कॉल सेंटरच्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की मात्र हीच शहाणी माणसं म्हणतात, 'चालतंय ना?' सपोर्ट संपणार असल्याचं कंपनीचं पत्र तोवर फाइलला लागलेलं असतं.

उलट काहींना वाटतं, त्या तारखेला सगळं बंदच पडणार. तसं सहसा होत नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, तरी त्यावरचे संगणक पुढे कित्येक वर्षं बिलं छापत राहिले. थांबतात ते सुरक्षेचे पॅच, आणि त्यानंतर सापडलेलं भोक उघडंच राहतं. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस आला. सपोर्ट चालू असलेल्या विंडोजना त्यावरचा पॅच मार्चमध्येच मिळाला होता. एक्सपीवाल्या सर्वसामान्यांना तो हल्ला झाल्यावर मिळाला. पण नुसता पॅच निघून भागत नाही, तो लावावाही लागतो. जूनमध्ये त्याच भोकाचा फायदा घेणाऱ्या 'नॉटपेट्या'ने जगभर धुमाकूळ घातला, आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं.

'तारीख एकच असते' या समजुतीत खरी गोम आहे. विक्री थांबण्याची तारीख वेगळी, दुरुस्त्या थांबण्याची वेगळी आणि तक्रार ऐकायलाही कोणी नसण्याची वेगळी. शिवाय हे सॉफ्टवेअर एकट्याने उभं नसतं. खाली सर्व्हर आणि डेटाबेस, पुढे ब्राउझर, बाजूला कॉल रेकॉर्डर. यातलं जे आधी संपेल, ती तुमची तारीख. माझ्या माहितीतल्या एका केंद्रात मूळ सॉफ्टवेअरला अजून अवकाश होता, पण एजंटचा स्क्रीन फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडायचा. तो ब्राउझर १५ जून २०२२लाच निवृत्त झाला होता. फेब्रुवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरच्या अपडेटने तो बंदच करून टाकला. सकाळी हेडफोन लावून बसलेल्या मुलीला कॉल येत होता, पण ग्राहकाचं नाव-गाव दाखवणारी खिडकी काही उघडेना. दुपारपर्यंत ती वहीत नंबर उतरवून घेत होती. मग कुणाला तरी एजमधला, एक्सप्लोररसाठीची जुनी पानं उघडणारा 'आयई मोड' आठवला.

पैसे भरून मुदत वाढते का? वाढते, पण औषध महाग आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यानंतर संस्थांना जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात, आणि दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर हा जाहीर दर पुढे दरवर्षी दुप्पट होतो. चाळीस खुर्च्यांच्या केंद्राला तिसऱ्या वर्षी ९,७६० डॉलर, तेही फक्त सुरक्षेच्या पॅचसाठी. क्लाउडवर गेलं की कटकट मिटते, हेही खरं नाही. स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन क्लाउडवरच होतं. ३१ जुलै २०२१ला ते बंद झालं, आणि तिथे जुनंच रेटत राहायची सोयही नसते.

'सिस्टीम बदलायला सहा महिने पुरतात' हे पुण्यात कदाचित खपेल. इथे रत्नागिरीत कॅलेंडर मागून मोजावं लागतं. एसक्यूएल सर्व्हर २०१६ या डेटाबेसची मुदत १४ जुलै २०२६, म्हणजे भर पावसात, लाइट आणि केबल दोन्ही बेभरवशाची असताना. त्याआधी आंब्याचा हंगाम, नंतर गणपती आणि चाकरमानी. हाताशी राहतो तो दिवाळी ते फेब्रुवारी एवढाच काळ. त्यात नवी सिस्टीम जुनीच्या जोडीने चालवून बघायची, फोनवर पर्याय सांगणाऱ्या आयव्हीआरचा मराठी आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा आणि जुने कॉल बाहेर काढायचे. या शेवटच्या कामाला कोणी वेळच धरत नाही. कित्येक रेकॉर्डर कॉल स्वतःच्याच साच्यात साठवतात; सॉफ्टवेअर काढलं की फाइल असते, ती वाजत नाही. आणि ग्राहक आयोगात प्रकरण गेलं, की नेमका तोच कॉल मागवला जातो.