जोड पक्का, तर टाकी भरलेली

हॉस्टेलवर राहणाऱ्याला दोन गोष्टींची खरी किंमत कळते. एक म्हणजे घरचं जेवण आणि दुसरी म्हणजे सकाळी सात वाजता नळाला येणारं पाणी. पहिलीवर माझ्याकडे उपाय नाही. दुसरीवर मात्र थोडंफार लिहू शकतो, कारण गेल्या वर्षी पी.एल.मध्ये आमच्या मजल्याने स्वतःच्या हाताने अख्ख्या हॉस्टेलचं पाणी घालवलं होतं.

झालं असं, की दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममागे डक्टमध्ये एक एल्बो गळत होता. आधी आम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. ती दोन दिवस टिकली. मग आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्यांचा (त्यात मीही आलोच) स्वाभिमान जागा झाला. एक एल्बो बदलायला प्लंबर कशाला? कॉक बंद केला, पाईप कापला, सोल्युशन फासून नवा एल्बो बसवला. बाहेर बादल्या घेऊन रांग उभी, म्हणून दहाच मिनिटांत कॉक सोडला. टाळ्या वाजल्या. रात्री दोनच्या सुमारास एल्बो निसटला. सकाळी टाकी कोरडी आणि दहा वाजता एम-थ्रीचा पेपर! रेक्टर सरांनी जे सुनावलं ते या अंकात छापण्याजोगं नाही.

दुपारी प्लंबर मामा आले. निसटलेला एल्बो हातात फिरवून म्हणाले, "पोरांनो, तीन चुका केल्यात. सोल्युशन भलतंच, पाईप ओला, अन् जोडाला वेळ दिलाच नाही." या तीन चुकांमागचं शास्त्र मी नंतर वाचून काढलं. ते इथे मांडतो.

थेंबाचा हिशेब

गळणाऱ्या जोडाखाली एक लिटरची बाटली ठेवा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांत भरली, तर तासाला 6 लिटर आणि दिवसाला 144 लिटर पाणी गेलं. आपल्याकडच्या मानकानुसार (आय.एस. 1172) हॉस्टेलमधल्या एका माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. म्हणजे डक्टमधला तो एल्बो हा आपला एक न दिसणारा रूम पार्टनरच, आणि तो रोज आपल्यापेक्षा जास्त पाणी वापरतो!

आधी पाईप ओळखा

सगळे प्लास्टिक पाईप सारखे नसतात. पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी गरम पाण्यालाही चालतो, दाबाखाली साधारण 82 अंशांपर्यंत. गच्चीवर सोलर असलेल्या हॉस्टेलांत तो दिसतो. हे दोन्ही सोल्युशनने जोडतात. पीपीआर पाईपला सोल्युशन चालतच नाही. पाईप आणि फिटिंग मशीनवर 260 अंशांच्या आसपास तापवून एकमेकांत बसवावे लागतात. बागेतला काळा एचडीपीई पाईपही सोल्युशनला दाद देत नाही. त्याला तापवून जोडायचं किंवा रबर रिंग असलेली, नटाने आवळायची कॉम्प्रेशन फिटिंग वापरायची.

दुकानात जाऊन नुसतं "अर्धा इंची एल्बो द्या" म्हणू नका. अर्धा इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 15.9 मि.मी., प्लंबिंगच्या अर्धा इंची यूपीव्हीसीचा 21.3 मि.मी. आणि शेतीच्या मेट्रिक पाईपचा 20 मि.मी. आमची पहिली फेरी यातच वाया गेली. कापलेला तुकडाच सोबत न्या.

सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे

डिंक दोन वस्तूंच्या मध्ये थर होऊन बसतो. सोल्युशनचं काम वेगळं आहे. त्यातलं द्रावक पाईपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग मऊ करतं. दोन्हीकडचे पॉलिमरचे रेणू एकमेकांत शिरतात आणि द्रावक उडून गेलं की जोड एकजीव होतो. याला सॉल्व्हंट वेल्डिंग म्हणतात ते उगाच नाही.

आता आमच्या चुका बघा. यूपीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला लावलं. सीपीव्हीसीत क्लोरीन जास्त, ते सहजासहजी मऊ होत नाही, म्हणून त्याचं सोल्युशन वेगळं असतं. पाईप ओला होता, त्यामुळे द्रावक नीट आत शिरलंच नाही. आणि दहा मिनिटांत पाणी सोडलं तेव्हा जोड अजून मऊच होता.

जोड करायची पद्धत

1. पाईप काटकोनात कापा. कड तिरकी राहिली तर आत जोडाची लांबी कमी पडते.

2. आतबाहेरचा कीस काढा आणि बाहेरच्या कडेला कानशीने किंचित उतार द्या. नाहीतर पाईप आत जाताना सोल्युशन खरवडून पुढे ढकलतो.

3. आधी कोरडाच बसवून बघा. पाईप सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडकला पाहिजे. खडखड हलत असेल तर फिटिंग बदला. सोल्युशन फट भरून काढत नाही.

4. किती आत जायचं त्याची पाईपवर पेन्सिलने खूण करा आणि दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसा.

5. पाईपला सगळीकडून भरपूर, फिटिंगच्या आत पातळ थर. आत जास्त झालं तर ते साठून पाईप मऊ करतं.

6. लगेच खुणेपर्यंत दाबा, दाबताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. नाहीतर पाईप हळूच मागे सरकतो. बाहेर आलेलं पुसून टाका.

7. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. मोठा पाईप आणि थंडी असेल तर वेळ जास्त लागतो. शक्य असेल तर 24 तास थांबलेलं उत्तम.

डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर थिनर टाकून वापरू नका. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ काडी पेटवू नका.

कॉक बंद करूनही पाईपमधून धार येत असेल तर? मामांची युक्ती ऐका. मेसमधल्या ब्रेडच्या कडा काढून आतला मऊ गोळा पाईपमध्ये सारायचा. जोड होईपर्यंत तो पाणी धरतो, नंतर विरघळून नळातून वाहून जातो. (मेसच्या ब्रेडचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा पाहिला नाही.)

आट्यांचा जोड

नळ बसवताना प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचे आटे पिळू नका. निमुळते आटे पाचरीसारखे घुसतात आणि फिटिंग उभी चिरते, कधी लगेच, कधी महिन्याने. आत पितळी आटे असलेली फिटिंग घ्या. जी.आय.ला लावतात तसं सूत आणि सफेदा इथे नको. टेफ्लॉन टेप पुरते. आटे तुमच्याकडे तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे पिळताना उलगडत नाही. हाताने घट्ट करून मग पान्याने थोडंच आवळा. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी एकमेकांना जोडायचे असतील तरी असेच आट्यांचे अडॅप्टर वापरा.

एक गोष्ट विसरू नका. प्लास्टिक उन्हाने वाढतं. दहा मीटरचा पाईप 40 अंशांनी तापला तर साधारण 25 मि.मी. लांबतो. त्याला दोन्ही टोकांना जखडलं तर सगळा ताण एल्बोवर येतो. म्हणून क्लॅम्प सैलसर ठेवतात आणि लांब लाईनला वळसा देतात.

पाणी सोडताना

नळ उघडे ठेवून कॉक हळू सोडा, हवा निघून जाऊ द्या, मग नळ बंद करा. जोड पुसून त्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा आणि तासाभराने बघा. कागद ओला झाला तर जोड कापून नवा करा, वरून काहीही फासू नका. भिंतीत झाकायची लाईन असेल तर ही परीक्षा पास झाल्याशिवाय प्लास्टर नको.

त्या दिवशी मामांना आम्ही विचारलं होतं, "मामा, किती वेळ लागेल?" ते म्हणाले, "जोडायला दहा मिनिटं, वाळायला एक रात्र." ती एक रात्र अख्ख्या हॉस्टेलने बादल्यांवर काढली. तो एल्बो आजही कोरडा आहे. डक्टमध्ये कुठे थेंब दिसला, तर आधी बाटली लावून मोजा आणि रेक्टर ऑफिसच्या रजिस्टरमध्ये लिहून या. स्वतः हात घालायचाच असेल, तर निदान पेपरच्या आदल्या रात्री नको!