यादीबाहेरचा बर्गर

मालवण–कुडाळ मार्गावर, डोंगरांच्या कुशीत धामापूरचा तलाव पसरलेला आहे. इ. स. 1530 मध्ये बांधला गेलेला हा तलाव आजही भोवतालच्या शेतीला पाणी देतो. 2020 मध्ये त्याची जागतिक वारसा सिंचन स्थळांत गणना झाली. काठावरील भगवती देवीचे मंदिर पाहून, शांत पाण्याकडे डोळे भरून बघून पर्यटक परततात, तेव्हा दुपार कललेली असते. कोल्हापूर-सांगलीकडून घाट उतरून आलेल्या जैन कुटुंबापुढे त्या वेळी नेहमीचा प्रश्न उभा राहतो : खायचे कोठे?

प्रश्न केवळ भुकेचा नसतो. आजीचे रात्रिभोजनत्यागाचे व्रत असते. या किनाऱ्यावर डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर मेअखेरीस सातच्या सुमारास. नातवंडांना मात्र बर्गरच हवा असतो. खाणावळीच्या फलकावर सुरमई, बांगडा आणि कोळंबी यांची नावे. शाकाहारी बर्गर लिहिलाच असेल, तर त्यात बटाटा ठरलेला.

बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आले. 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर वडापावाची विक्री सुरू झाली आणि ही जोडी महाराष्ट्राच्या जिभेवर बसली. 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आले. त्यांनाही गोमांस वगळून बटाट्याच्या टिक्कीचा आधार घ्यावा लागला. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या घरांतील मुले दोन्ही ठिकाणी दाराशीच थांबली. मुंबईच्या पावभाजीवाल्यांनी त्यावर कच्च्या केळ्याचा तोडगा शोधला. विमान कंपन्यांच्या नोंदणीत तर जैन भोजनाला ‘व्हीजेएमएल’ असे स्वतंत्र संकेताक्षर आहे. लहान गावातील खाणावळीत मात्र असे संकेताक्षर नसते. तेथे माणसाला माणसाशी बोलावे लागते.

बोलण्याची सुरुवात ‘जैन मिळेल का?’ या प्रश्नाने करू नये. गिऱ्हाइकाला नाराज करायचे नाही म्हणून ‘मिळेल’ असे उत्तर सहज येते, आणि त्यात कोणाचा खोटेपणाही नसतो. मालवणी मुलुखात शाकाहाराला ‘शिवराक’ म्हणतात. श्रावणात, गणेशोत्सवात, देवाच्या नैवेद्यात कांदा-लसूण न घालता स्वयंपाक करण्याची रीत येथील घरांना परकी नाही. परंतु त्याच सणाच्या खतखत्यात सुरण, रताळे अशी कंदमुळे आनंदाने शिजतात. म्हणून कांदा, लसूण, बटाटा, गाजर आणि ओले आले अशी नावे घेऊनच सांगणे उचित. मासे तळलेला तवा व तेल वेगळे ठेवता येईल का, हेही आधीच विचारावे. हिरवा ठिपका पाकिटातील पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. त्यात लसूण नाही, असे तो सांगत नाही.

एवढे स्पष्ट झाले की कोकणच्या कोठारातूनच उत्तम बर्गर उभा राहू शकतो. कच्ची केळी सालीसह उकडून, सोलून कुस्करावीत. हंगाम असेल तर ओल्या काजूचे तुकडे घालावेत. हिरवी मिरची, जिरे, हिंग, मीठ, लिंबू आणि बांधणीपुरते तांदळाचे पीठ घेऊन जाडसर टिक्की थापावी व स्वच्छ तव्यावर ताज्या तेलात दोन्ही बाजूंनी खमंग भाजावी. केळे बटाट्याहून कोरडे असते. त्यामुळे ओले खोबरे व कोथिंबिरीच्या चटणीचा हात सैल ठेवावा आणि तिला आंबटपणा कोकमाचा द्यावा. वर काकडी व टोमॅटोच्या चकत्या. बाजारी मेयोनीज टाळलेले बरे. त्यात अंडे वा लसूण असू शकते.

पावाचा प्रश्न उरतो. कित्येक घरे आंबवलेला पाव घेत नाहीत. काही बेकऱ्यांत चकाकीसाठी त्यावर अंड्याचा हात फिरवतात. अशा वेळी ताज्या तांदळाच्या पिठाचे घावन कामी येते. घावनाच्या घडीत गरम टिक्की ठेवली की आजीच्या ताटातही तोच पदार्थ जातो. नाव बर्गर राहील की नाही, यावर नातवंडांनी खुशाल वाद घालावा.

व्यापारी घरांना हा व्यवहार नवा नाही. दुकानातील काही माल फळीवर मांडलेला नसतो. तो ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी आतून काढला जातो. खाणावळीचेही तसेच आहे. गर्दीच्या वेळी जाऊन अडवणूक करण्यापेक्षा सकाळीच दूरध्वनीवरून वेळ व संख्या कळवावी, वेगळ्या कष्टांचे वेगळे पैसे विनातक्रार द्यावेत. आणि आचाऱ्याने ‘आज वेगळा तवा नाही’ असे सांगितले, तर रागावू नये. तो नकार व्रताचे रक्षण करतो. असे सांगणाऱ्याच्या हातचे पुढच्या खेपेस निःशंक मनाने खाता येते. त्या दिवसापुरती शहाळी आणि केळी पुरेशी असतात.